भिंत बंद होण्याआधी

वीस-पंचवीस वर्षं वापरलेल्या बाथरूमच्या भिंतीवरची पहिली टाइल छिन्नीने उचकटली की मागे कोरडी भिंत क्वचितच सापडते. सिमेंट-वाळूचा काळपट, ओलसर मसाला हातात येतो. त्यात गंजून पापुद्रे सुटलेला जीआयचा पाइप, आणि त्याच्या एखाद्या सांध्यावर कुणीतरी कधीतरी गुंडाळलेलं सूत आणि सफेदा. पलीकडच्या खोलीत दर पावसाळ्यात कपाटामागे जो डाग उमटायचा, ज्यावर तीनदा रंग मारून झाला, तो इथून निघालेला असतो. घराला एवढी वर्षं जे सांगायचं होतं ते त्या दिवशी दिसतं.

घराचं काम काढणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर काम संपल्यानंतरचं चित्र असतं. टाइलचा रंग, ओट्याचा दगड, हॉलमधला उजेड. त्यात चूक काही नाही, त्या चित्राच्या जोरावरच माणूस एवढा खटाटोप अंगावर घेतो. पण पुढची वीस वर्षं कशी जाणार हे ठरतं प्लास्टरखाली आणि लादीखाली जे गाडलं जातं त्यावरून. टू बीएचकेचं पूर्ण काम अडीच ते चार महिने चालतं. त्यात काहीतरी कायमचं झाकलं जाणार असे दिवस सात-आठच असतात. दुकानांत टाइल निवडायला जितके शनिवार-रविवार जातात, त्याच्या निम्मा वेळ जरी या सात-आठ दिवसांसाठी राखून ठेवला तरी पुष्कळ होतं. हा लेख मुख्यतः त्या दिवसांबद्दल आहे.

त्याआधी परवानगी. सोसायटीला कामाचं पत्र द्यायचं, सोबत काय तोडणार, काय हलवणार याचा साधा नकाशा जोडायचा. डिपॉझिट, कामाच्या वेळा, रविवारची सुट्टी, लिफ्टमधून डेब्रिज न्यायचं की नाही, हे प्रत्येक सोसायटीचं वेगळं असतं. ते लेखी घेऊन ठेवा. पण खरा प्रश्न असतो, कुठल्या भिंतीला हात लावता येतो. आरसीसीच्या इमारतीत वजन कॉलम आणि बीमवर असतं, त्यामुळे मधली चार इंची वीटभिंत बहुधा काढता येते. जुन्या तीन मजली इमारतींतल्या नऊ इंची भिंती मात्र अनेकदा वरचा मजलाच पेलत असतात. आणि अलीकडच्या मायवान पद्धतीच्या टॉवरमध्ये भिंत म्हणजे सलग काँक्रीट असतं. तिथे तोडणं सोडाच, वायरसाठी झिरी (खाच) मारणंही चालत नाही. भिंत ठोकून आवाजावरून निकाल देणाऱ्या मिस्त्रीच्या भरवशावर हे सोडू नये. स्ट्रक्चरल इंजिनिअरची एक भेट, त्याच्या सहीचं एक पान, एवढा खर्च करायलाच हवा. बीम किंवा कॉलमवर छिन्नी चालवायला कोणी निघालंच, तर काम तिथेच थांबवा.

वजनाचाही हिशोब आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. जुनी लादी न काढता वरूनच नवी बसवू, धूळ नको, वेळ वाचेल, असा सल्ला सर्रास मिळतो. राहत्या घराच्या स्लॅबचं गणित करताना माणसं आणि सामान मिळून दर चौरस मीटरला २०० किलो धरलेले असतात. जुन्या लादीवर सव्वा इंच मसाला घालून नवी लादी बसवली तर दर चौरस मीटरला ८० ते ८५ किलो वाढतात. चारशे चौरस फुटांत हे ३ टनांच्या आसपास जातं, आणि ते ओझं कधीच उतरत नाही. लादीवर लादी बसवायचीच असेल तर टाइल ॲडहेसिव्हने बसवा. वाढीव वजन दर चौरस मीटरला ३० किलोंच्या आसपास राहतं. त्यातही जुनी लादी ठोकून पाहून पोकळ वाजणाऱ्या सगळ्या आधी काढायच्या. उंची वाढल्याने दारं खालून कापावी लागतील, हे सुताराला आधी सांगायचं.

आता पाडकाम. पाच बाय सात फुटांचं एक बाथरूम. भिंतीला सात फुटांपर्यंत टाइल, खाली नऊ-दहा इंच खोल संक, म्हणजे पाइपांसाठी स्लॅबमध्ये सोडलेला खड्डा, त्यात विटांचे तुकडे भरलेला कोबा. एवढ्यातून साधारण दोन टन राडारोडा निघतो. गोणीत तीस-पस्तीस किलो धरले तर साठ-सत्तर गोण्या होतात, एका बाथरूमच्या. तीन बिगारी दिवसभर गोण्या उतरवतात तेव्हा घरमालक म्हणतो, एवढं कुठून आलं! याची रक्कम कोटेशनमध्ये वेगळी लिहून घ्या आणि माल कुठे टाकणार हेही विचारा. पाडकामाचा कचरा महापालिकेच्या ठरलेल्या जागी पोचवणं ही तो निर्माण करणाऱ्याची जबाबदारी आहे, नियमांत तसं स्पष्ट आहे. रात्री नाल्याकाठी रिकामा होणारा टेम्पो आपल्याच घरातून निघालेला असतो.

पाडकामाच्या आधी दोन गोष्टी विसरू नयेत. ड्रेनेजची सगळी तोंडं गोणपाट आणि मसाल्याने बुजवायची, नाहीतर वाळू आणि टाइलचे तुकडे खालच्या मजल्याच्या पाइपात जाऊन बसतात. आणि खालच्या घरी जाऊन, शांतपणे बोलून, त्यांच्या बाथरूमच्या छताचे फोटो काढायचे. पुढे डाग दिसला तर तो जुना की नवा हा वाद उरत नाही. आतल्या नळ्यांची, बाथरूमची गळती ही सभासदाची जबाबदारी. गच्ची, बाहेरची भिंत आणि सामाईक पाइप यांची सोसायटीची. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींत ही विभागणी आहे. पण कागद हातात घेऊन खाली जाण्यापेक्षा काम सुरू होण्याआधी गेलेलं बरं.

घर असं उघडं पडलं की मगच इतर कामांच्या मोजमापाला अर्थ येतो. पहिलं काम एका रेघेचं. पारदर्शक नळीत पाणी भरून दोघं जण खोलीच्या दोन टोकांना उभे राहतात. पाणी डुचमळायचं थांबेपर्यंत कोणी बोलत नाही. मग दोन्ही बाजूंना पेन्सिलीची खूण होते, मधून निळीचं सूत ताणून फटकन सोडलं जातं आणि भिंतीवर सरळ निळी रेघ उमटते. लेझरनेही हेच होतं, पटकन होतं. तयार लादीपासून बरोबर १ मीटरवर ही रेघ सगळ्या घरात फिरली पाहिजे. ओट्याची उंची, स्विचबोर्ड, दाराची चौकट, कमोडची नळी, सगळ्यांनी माप या रेघेपासून घ्यायचं. ही रेघ नसली की प्लंबर कच्च्या जमिनीपासून मोजतो, इलेक्ट्रिशियन जुन्या लादीपासून, सुतार अंदाजाने, आणि शेवटी तीन बोर्ड तीन उंचीला बसतात.

प्लंबिंगमधल्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात. जमिनीत आउटलेट असलेल्या कमोडसाठी नळीचा मध्य भिंतीपासून ९ किंवा १२ इंचांवर लागतो, मॉडेलप्रमाणे. हे माप तयार टाइलपासूनचं असतं. प्लंबर ते उघड्या विटांपासून घेतो, मग प्लास्टर आणि टाइल मिळून दीड इंच पुढे येतात आणि कमोडची टाकी भिंतीला अडते. मग सगळी जमीन पुन्हा फुटते. म्हणून कमोड, बेसिन, डायव्हर्टर (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा व्हॉल्व्ह) ही खरेदी पाइप टाकण्याआधी पूर्ण झालेली हवी, वस्तू नसली तरी तिचं मापाचं पत्रक साइटवर हवं. भिंतीत बसणाऱ्या डायव्हर्टरवर किमान आणि कमाल अशा दोन खुणा असतात. तयार टाइल त्या दोन्हींच्या मध्ये यायला हवी. आत गेला तर दांडी बाहेर पोचत नाही, बाहेर राहिला तर तबकडी भिंतीला टेकत नाही.

सीपीव्हीसीला (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपाला) सीपीव्हीसीचंच सोल्युशन लागतं, साध्या पीव्हीसीचं चालत नाही. पाइप कापल्यावर आतली-बाहेरची कड साफ न करता सांधा जोडला तर तो वर्षभर टिकतोही आणि मग सुटतो. म्हणूनच झिरी बुजवण्याआधी दाबाची चाचणी. सगळ्या तोंडांना प्लग, हातपंपाने पाणी भरून नेहमीच्या दाबाच्या निदान दीडपट दाब द्यायचा, काट्याचा फोटो काढायचा आणि रात्रभर तसंच ठेवायचं. पाण्याच्या १० मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलो दाब होतो, त्यावरून आपल्या मजल्याचा अंदाज येतो. सकाळी काटा खाली आला असेल तर सांधा शोधायचा. झिरी भरून झाल्यावर हीच चाचणी करण्यात अर्थ नाही.

मग वॉटरप्रूफिंग, आणि या कामात घाई करणाऱ्याला घरात घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. संक पूर्ण रिकामा करून स्लॅब घासून, धुऊन स्वच्छ करायचा. सुटी वाळू राहिली तर वरचा थर स्लॅबला चिकटत नाही, वाळूला चिकटतो. भिंत आणि स्लॅब मिळतात त्या काटकोनात मसाल्याची गोलाई काढायची, तिला कारागीर वाटा म्हणतात. कोटिंग काटकोनात पातळ होतं आणि तिथेच फाटतं, म्हणून हा वाटा. पाइप स्लॅबमधून जातो तिथली फट न आक्रसणाऱ्या ग्राउटने भरायची. गळतीची सर्वांत लाडकी जागा ती. मग पॉलिमर कोटिंगचा पहिला हात, त्यात कोपऱ्यांवर जाळी, तो वाळला की दुसरा हात आडव्या दिशेने. भिंतीवर हे कोटिंग तयार लादीच्या निदान एक फूट वर जायला हवं, आणि शॉवरखाली सहा-सात फुटांपर्यंत.

आता पाणी भरायचं. ट्रॅपचं (सांडपाणी जायच्या भांड्याचं) तोंड बंद, संकात दोन-तीन इंच पाणी, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण आणि शेजारी तारीख-वेळ. त्याच खोलीत एका बादलीत पाणी भरून तिच्यावरही खूण करून ठेवावी. तीन दिवसांनी, म्हणजे पूर्ण ७२ तासांनी, दोन्हीकडे बघायचं. बादलीतलं पाणी वाफ होऊन जितकं उतरलं तितकंच संकातलं उतरलं असेल तर थर धरला. संकातलं जास्त उतरलं असेल तर कुठेतरी वाट आहे. या तीन दिवसांत रोज खाली जाऊन छत पाहायचं, बाहेरची डक्टची (पाइपांसाठी सोडलेल्या पोकळीची) भिंत पाहायची, शेजारच्या खोलीची स्कर्टिंग हाताने चाचपायची. कंत्राटदार ‘एक रात्र पुरे’ म्हणेल. त्याची माणसं रिकामी बसतात, त्याचं नुकसान होतं, हे खरं आहे. म्हणून हे तीन दिवस वेळापत्रकात आधीच लिहून घ्या आणि त्या दिवसांत त्याला दुसऱ्या खोलीचं काम द्या.

चाचणीनंतर भराव. वीटतुकड्यांचा कोबा जड असतो, एएसी ब्लॉकचे (सच्छिद्र, हलक्या काँक्रीटचे) तुकडे बरेच हलके पडतात. भरावावर पुन्हा कोटिंग, पुन्हा ४८ तास पाणी. लोक भरावावरचा हा थर टाळतात. मग आंघोळीचं पाणी टाइलच्या सांध्यांतून झिरपत भरावात साठतं, खाली गळत नाही पण वरही येत नाही, आणि काही महिन्यांत बाथरूमला कुबट वास यायला लागतो. जमिनीचा उतार सात फूट लांबीला साधारण एक इंच द्यावा, जाळीकडे. बाथरूमची जमीन बाहेरच्या खोलीपेक्षा अर्धा ते एक इंच खाली, मध्ये ग्रॅनाइटचा उंबरा. टाइल बसल्यावर चार कोपऱ्यांत तांब्याभर पाणी ओतून बघा. ते कुठे थबकतं ते त्याच दिवशी कळतं.

वायरिंगबद्दल थोडक्यात. जुन्या घरांत अनेकदा अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत आलेलीच नसते, तिसऱ्या भोकात काही जोडलेलं नसतं. म्हणून नव्या वायरी ओढताना सुरुवात मीटरपासून करावी. दिव्या-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या प्लगांना २.५, गीझर आणि एसीला ४, आणि त्या प्रत्येकाला स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच). २ किलोवॅटचा गीझर जवळपास ९ अँपिअर घेतो. वायर बारीक असेल आणि तीच लाइन पुढे मायक्रोवेव्हला दिली तर ती भिंतीत तापत राहते आणि कोणाला कळत नाही. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला वाचवण्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) लागतो. तो नसेल तर बाकी सगळं थांबवून आधी तो बसवून घ्या. झिऱ्या शक्यतो उभ्या. चार इंची भिंतीत लांब आडवी झिरी मारली की भिंत तिथे कमकुवत होते. झिरी बुजवताना वरून जाळी न लावल्यास सहा महिन्यांत पाइपच्या रेषेवरच बारीक चीर दिसते.

व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी शोषत नाही, त्यामुळे सिमेंटचा घोळ तिला धरत नाही. टाइलच्या पाठीवर मसाल्याचे पाच गोळे ठेवून ती दाबून बसवणारा कारागीर दिसला तर थांबवा; चार कोपरे पोकळ राहतात आणि पहिली जड वस्तू पडली की कोपरा फुटतो. ॲडहेसिव्ह दातेरी थापीने पूर्ण पसरायचं, टाइलच्या पाठीवरची पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसायची, सांध्यांत किमान २ मिलिमीटरचे स्पेसर. दुसऱ्या दिवशी एक नाणं घेऊन टाइलवर कोपऱ्या-कोपऱ्यावर वाजवत फिरा. भरीव जागी आवाज टणक आणि आखूड येतो, पोकळ जागी बद्द आणि लांबट. हे कोणालाही पाच मिनिटांत ऐकू यायला लागतं. पोकळ टाइलवर खडूने फुली मारायची आणि सांधे भरण्याआधी ती काढून पुन्हा लावून घ्यायची. दोन बाय दोन फुटांच्या (नेमक्या ६०० मिलिमीटरच्या) टाइलच्या बॉक्समध्ये बहुधा चार नग, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. तीनशे चौरस फुटांच्या हॉलला दहा टक्के तुटीसह २२ बॉक्स लागतात. सगळे एकाच बॅचचे आहेत ना, हे टेम्पोतून उतरतानाच खोक्यावरच्या शिक्क्यावरून पाहा. नंतर आणलेले दोन बॉक्स दिवसा जुळतात आणि संध्याकाळी दिव्याखाली वेगळे दिसतात.

स्वयंपाकघरात एकच गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. ओट्याची उंची ३२ ते ३४ इंच असं छापील उत्तर मिळतं, पण ज्या व्यक्तीला तिथे रोज दोन-तीन तास उभं राहायचं आहे तिला उभं करून तिच्या कोपरापासून चार ते सहा इंच खाली खूण करा. पोळ्या लाटताना खांदे उचलावे लागले तर तो ओटा तिच्यासाठी उंच आहे. पाइपगॅसची नळी मात्र प्लंबरकडून हलवून घेऊ नये, ते काम गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाचं. सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१० शिक्क्याचं (पाण्याला टिकणारं, मरीन) प्लायवूड लावा, बाकी ठिकाणी आयएस ३०३ पुरतं. शिक्का प्रत्येक शीटवर असतो. शीट कापण्याआधी पाहायचा.

फॉल्स सीलिंगच्या आधी पुन्हा एक थांबा. जुन्या स्लॅबचा पापुद्रा सुटलेला असेल, गंजलेली सळई दिसत असेल, तर ती छताआड दडवणं म्हणजे दुखणं पोसणं. सैल काँक्रीट ठोकून काढायचं, सळई घासून गंजरोधक लावायचं, पॉलिमर मसाल्याने भरायचं, आणि हे किती ठिकाणी आहे ते सोसायटीला कळवायचं. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. तुमच्या घरात उघडं पडलेलं छत त्या ऑडिटरला फार उपयोगी पडतं.

रंगाला घाई करू नका. नव्या सिमेंट प्लास्टरवर सात दिवस पाणी मारायचं आणि मग तीन-चार आठवडे त्याला वाळू द्यायचं. पावसाळ्यात याहून जास्त. गणपतीच्या आत रंग व्हायलाच हवा म्हणून ओल्या भिंतीवर पुट्टी चढते आणि दिवाळीला तिचे पोपडे येतात. सुतार, टाइलवाले बरेचदा परराज्यांतले असतात, होळी-छटपूजेला गावी जातात. ते दिवस धरूनच तारीख ठरवा.

पैसे टप्प्यांत द्या, आणि टप्पा कामाचा असावा, तारखेचा नसावा. पाण्याची चाचणी पार पडली की हप्ता, दाबाची चाचणी पार पडली की हप्ता. शेवटचे दहा टक्के सगळं वापरून पाहिल्यावर. मोजणी कशी होणार हे दरापेक्षा आधी विचारावं: स्कर्टिंग आणि कडा रनिंग फुटात, कपाट समोरच्या क्षेत्रफळावर, रंग प्रत्यक्ष भिंतीवर की कार्पेट क्षेत्रफळाच्या पटीत, खिडक्या वजा होणार की नाही. दर कमी आणि मोजणी मोठी अशी कोटेशनं पुष्कळ असतात. वाढीव कामं तोंडी ठरवू नयेत. त्याच दिवशी रकमेसह मेसेज करायचा. आणि जुन्या घरासाठी एकूण रकमेच्या पंधरा-वीस टक्के बाजूला ठेवायचे, कारण पहिली टाइल निघेपर्यंत मागे काय आहे हे कोणालाच दिसत नाही.

झिऱ्या मारून, पाइप बसवून, प्लास्टर व्हायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक भिंतीचे सरळ समोरून फोटो काढा, टेप त्या निळ्या रेघेवर ताणून धरलेली, एक टोक कोपऱ्याला. फाइलला भिंतीचं नाव द्या. पुढे कधीतरी टॉवेलचा रॉड बसवायला माणूस येईल आणि ड्रिल टाइलला टेकवेल, तेव्हा फोनवर तो फोटो उघडून त्याला दाखवता येईल: गरम पाण्याची उभी नळी डाव्या कोपऱ्यापासून २६ इंचांवर.